मंडलात न बसणारे डॉक्टर कोटणीस

 

मागच्या वेळी आपण कौटिल्याचा मंडल सिद्धांत पाहिला. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने जिना उतरता उतरता विचारले, "सर, या मंडलात आपले डॉक्टर कोटणीस कुठे बसतात?" आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर लक्षात आले, की आमच्याजवळ उत्तरच नाही. इतकी वर्षे सोलापुरात राजकीय तत्त्वज्ञान शिकवले, भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून कितीदा गेलो असू, पण वर्गात कोटणीसांचे नाव उदाहरणादाखलसुद्धा घेतले नाही. तेव्हा आजचे व्याख्यान हे पहिल्यांदा आमच्यावरचीच टीका आहे असे समजा.

आधी घटना नीट मांडू. द्वारकानाथ शांताराम कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, मुंबईत डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. लोकांकडून वर्गणी जमली आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून निघाले: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. पुढे कोटणीस बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. परिचारिका असलेल्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराने त्यांचे निधन झाले. बाकीचे चौघे मायदेशी परतले.

आता आमचा मुद्दा. १९३८ साली भारत नावाचे स्वतंत्र राज्य नव्हते. परराष्ट्र धोरण होते, पण ते इंग्रजांचे होते. मग हे पथक पाठवले कोणी? एका पक्षाने, आणि चार-आठ आणे देणाऱ्या लोकांनी. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या शास्त्रात या कर्त्याला नाव काय द्यायचे?

कौटिल्याकडे जाऊ. राज्याची सात अंगे: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. यातला मित्र हा राजाचा मित्र आहे, आणि तो बऱ्याचदा नकाशावरून ठरतो. लगतचा तो शत्रू, शत्रूच्या पलीकडचा तो मित्र. जनपदाने कर द्यावा, धान्य पिकवावे. त्याला स्वतःचा मित्र निवडायची सोय नाही. दोन हजार वर्षांनी, १९४८ मध्ये, हान्स मॉर्गेनथाऊ यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला. त्यातही केंद्रस्थानी राष्ट्रे आणि त्यांचे सत्तेच्या भाषेत मोजलेले हितसंबंध आहेत. आम्ही या दोन्ही विचारवंतांना कमी लेखत नाही. राज्ये कशी वागतात हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी सांगितले नसेल. पण राज्ये कशी वागतात हे सांगणे वेगळे, आणि जगात फक्त राज्येच वागतात असे धरून चालणे वेगळे. आपल्या पाठ्यपुस्तकांनी पहिल्याचे दुसरे कधी केले, ते आम्हा शिकवणाऱ्यांनाही कळले नाही.

यावर वास्तववादी अभ्यासक म्हणेल, "सर, भावनेच्या भरात बोलू नका. १९५४ मध्ये पंचशील आले, १९६२ मध्ये युद्ध झाले. कोटणीसांच्या मैत्रीने काय थांबवले?" आक्षेप रास्त आहे. काहीच थांबले नाही. २०२० साली गलवानमध्येही थांबले नाही. पण युद्ध थांबले नाही म्हणून रणांगणावरची शस्त्रक्रिया खोटी ठरते का? उपयोग झाला की नाही हा एक प्रश्न. जगाचे वर्णन पुरे झाले की नाही हा दुसरा. शास्त्राचा दावा वर्णनाचा असेल, तर घडलेला माणूस त्यातून गळून कसा चालेल?

आणि हे काही पुस्तकी भांडण नाही. १९६२ च्या युद्धानंतर आपल्या सरकारने चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत डांबले. त्यांतले कितीतरी भारतातच जन्मलेले, आसाम-बंगालमध्ये दुकान, कारागिरी करून राहणारे. त्यांचा अपराध? त्यांचे चेहरे 'शत्रूराज्याचे' होते. राज्य हेच एकमेव परिमाण मानले की धोरण असे होते. त्या वर्षी कोटणीसांचा मुलगा वीस वर्षांचा होता, चीनमध्ये. त्याचे नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. ज्या दोन देशांच्या नावांनी त्याचे नाव बनले, ते दोन्ही एकमेकांवर गोळ्या झाडत होते. पुढे तोही तरुणपणीच वारला. या मुलाला मंडलात कुठे बसवाल?

आता दुसऱ्या बाजूवर टीका करू, कारण ती आपल्या जवळची आहे. शास्त्राने कोटणीसांना वगळले, तर समारंभांनी त्यांना गुळगुळीत केले. दोन्ही देशांचे संबंध बरे असले की हार घालायचा, 'मैत्रीचा सेतू' म्हणायचे. बिघडले की पुतळा धूळ खात ठेवायचा. म्हणजे इथेही माणूस राज्यांच्या सोयीने वर-खाली होतो. शिवाय 'मानवतावादी' हा एकच शब्द आपण पुन्हा पुन्हा वापरतो. कोटणीस तटस्थ नव्हते हो. आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर उपचार करताना त्यांनी बाजू निवडली होती, आणि १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. त्या पक्षाने पुढे काय केले यावर आमचे मत कठोर आहे. पण ते मत असताना कोटणीसांचा निर्णय झाकून ठेवणे ही अप्रामाणिक श्रद्धांजली होते.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतः केली. आमच्या पिढीला कोटणीस भेटले ते तिथेच, हे ऋण मान्य. परंतु त्यागी नायक, त्याचे प्रेम, त्याचा मृत्यू, एवढेच मनात राहते. वर्गणी देणारे लोक पडद्याच्या कडेला जातात. आम्हाला तर वाटते, त्या कथेचा खरा नवलाचा भाग तोच आहे. ज्यांना स्वतःचे राज्य नव्हते, ज्या सोलापूरने १९३० मध्ये लष्करी कायदा भोगला होता, त्या देशातल्या लोकांना दूरच्या जखमींसाठी आपणही काही करू शकतो असे वाटले. परवानगी देईल असे स्वतःचे सरकार नव्हते, तरी वाटले.

आज आपले स्वतःचे सरकार आहे. ते असावेच, सीमेवर जवान उभा आहे म्हणून आपण इथे निवांत बोलतो आहोत. पण दूरच्या एखाद्या युद्धाची बातमी आली की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? 'यात आपल्या देशाची भूमिका काय?' हा प्रश्न विचारावा. त्याच्याबरोबर 'तिथल्या जखमींचे काय?' हाही विचारायला १९३८ सालच्या माणसांना जमत होते.

त्या श्रोत्याला आमचे उत्तर असे: कोटणीस मंडलात बसत नाहीत. ते बसत नाहीत एवढे तरी यापुढे वर्गात सांगितले जावे. श्रोते आज आले असतील तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारावा. या वेळी आम्ही जिन्यावरून पळणार नाही.