शाई वनस्पतींची, नोंद निसर्गाची

विद्यार्थ्यांनी निसर्गाची नोंदवही ठेवावी, आणि तीही पाने, फुले, फळे यांपासून घरी केलेल्या शाईने लिहावी, असा एक उपक्रम काही शाळांतून दिसू लागला आहे. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु अशा वहीला वाङ्मयीन मूल्य असते काय, आणि असल्यास ते कशात असते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

शाई घरी करणे ही आपल्याकडे मुळीच नवलाची गोष्ट नव्हे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थांनी नाना देशींचे बरू, हिंगूळ, आळिता आणि मस यांचा संग्रह करावयास सांगितले आहे. मात्र हा सारा खटाटोप त्यांनी सांगितला तो अक्षर सुवाच्य व्हावे आणि ग्रंथ टिकावा म्हणून. साधन साध्याच्या सेवेत होते. आजच्या नोंदवह्या पाहताना हा क्रम उलटला की काय, अशी शंका आम्हांस येते. रंग मोहक असतात; पण त्या रंगांनी लिहिलेली वाक्ये 'रम्य', 'मनोहर', 'नयनरम्य' या शब्दांपलीकडे जात नाहीत.

निसर्गनोंदीचे वाङ्मय कसे होते, हे पाहावयाचे तर दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र' (1956) या पुस्तकाकडे वळावे. दुर्गाबाईंचा जन्म 1910 साली आमच्या या इंदूर नगरीतच झाला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु आमची प्रशंसा त्या अभिमानापोटी नाही. चैत्रापासून एकेक मास घेऊन त्यांनी बारा लेख लिहिले. कवींनी रूढ केलेल्या संकेतांवर न विसंबता पालवी, मोहर, फळ, पानगळ यांकडे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या लेखनात भावना आहे, पण ती निरीक्षणाच्या मागून येते. आधी पाहणे, मग हेलावणे, हाच त्या गद्याचा धर्म होय.

मग वनस्पतींच्या शाईचे स्थान काय? आमच्या मते, ती शाई पाहावयास भाग पाडते, हेच तिचे खरे मोल. पळसाची फुले फाल्गुनात वेचली पाहिजेत. तो हंगाम गेला की त्यांचा काढा तुरटी घालून आटवण्याची संधी वर्षभर नाही. जास्वंदीचा रस लिंबाने तांबडा होतो, सोड्याने हिरवट. हिरड्याच्या काढ्यात हिराकस मिसळला तर लिहिताना अक्षर फिकट उमटते आणि हवा लागून हळूहळू काळे पडते. शाईचा दाटपणा साधावा बाभळीच्या डिंकाने. धार जिल्ह्यातील बाग येथील छपाई करणारे कारागीर लोखंड व गूळ आंबवून काळा रंग करतात आणि कापड धावडीच्या फुलांसह उकळतात. ऋतू, पाणी, फूल यांचे ज्ञान त्यांच्या हातांत मुरलेले असते. शाई करणाऱ्या मुलाला या ज्ञानाचा थोडासा अंश लाभला, तरी त्याचे वाक्य विशेषणांच्या कुबड्या टाकून चालू लागेल.

येथे आमच्याच चुकीचा निर्देश करणे प्राप्त आहे. आमच्या शाळेत एका वर्षी या वह्यांची स्पर्धा ठेविली होती. पारितोषिक आम्ही दिले ते वेलबुट्टीने नटलेल्या एका वहीस. दुसरी एक वही डागाळलेली होती म्हणून आम्ही बाजूस सारली. पुढे पावसाळ्यात ती सहज उघडली. पळसाच्या शाईने त्या मुलाने लिहिले होते की झाडाखाली त्रेचाळीस फुले पडली होती, आणि त्यांपैकी नऊ फुलांत मुंग्या होत्या. त्याखाली, हिरड्याच्या काळ्या अक्षरांत, नंतरची नोंद होती: 'वरची शाई फाल्गुनात नारिंगी होती. आषाढात फिकट पिवळी झाली. वही खिडकीत होती.'

ही तीन वाक्ये वाचून आम्ही खजील झालो. वनस्पतींचे बहुतेक रंग उन्हाने विटतात, हा दोष म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सांगत आलो होतो. त्या मुलाने दोषाचीच नोंद केली. काळाचा स्पर्श त्याच्या पानावर झाला आणि त्याने तो पाहिला. त्यात एकही अलंकार नाही, तरीही ऋतू सरल्याची जाणीव आहे. निबंधाच्या तासाला आम्ही जे वर्षानुवर्षे शिकवू शकलो नाही, ते त्या विटलेल्या शाईने शिकविले.

म्हणून अध्यापक बंधुभगिनींस आमची विनंती आहे: या वह्यांना गुण देताना रंग पाहू नका, शब्द पाहा, आणि शब्दांतही प्रथम क्रियापदे व संख्या पाहा. सौंदर्य त्यांच्यामागून आपसूक येईल. आमचे ते पारितोषिक परत घेता येत नाही. पण निकष तरी सुधारता येतो.