चिमटीतले दहा गुंठे

लोणारजवळच्या सुलतानपुरात लग्नाच्या मांडवात जारचं थंड पाणी पिताना कुणी त्याची चव वाखाणत नाही. पाण्याला वास नाही, कसलीही चव नाही, एवढ्यावर पाहुणे खूश असतात. हा बेचवपणा मुद्दाम घडवावा लागतो. ज्या यंत्रातून ते पाणी येतं, त्यातल्या एका उभ्या नळकांड्यात काळे, खरबरीत दाणे भरलेले असतात. फिल्टर बदलणारा त्याला नुसतं ‘कार्बन’ म्हणतो. खाद्य-पेय उद्योगात याच्याइतकी चोखंदळ वस्तू क्वचितच सापडेल.

चोखंदळपणाची सुरुवात कच्च्या मालापासूनच होते. पाण्यासाठीचा उत्तम कार्बन नारळाच्या करवंटीचा. ती आधी कमी हवेत जाळून तिचा कोळसा करतात, मग 800 ते 1000 अंश सेल्सिअसला त्यावर वाफ सोडतात. वाफ कोळशाला आतून कुरतडते. कमी कुरतडला तर छिद्रं बुजलेलीच राहतात, जास्त कुरतडला तर दाणा भुसभुशीत होतो. नेमक्या वेळी थांबलं, की एका ग्रॅमच्या पोटात साधारण हजार चौरस मीटर पृष्ठभाग उघडतो. गावच्या मापात सांगायचं तर चिमटीत दहा गुंठे, आणि चार ग्रॅममध्ये जवळपास एकर. कारागिरी अशी, की इथे किंमत मालाची नसून मालात कोरलेल्या पोकळीची आहे.

आता या दाण्यांची जागा पाहा. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी शुद्ध करताना कार्बन आरओच्या पडद्याआधी बसवतात. क्लोरीनमुळे तो नाजूक पडदा खराब होतो. कार्बन क्लोरीनला नुसता धरून ठेवत नाही, त्याच्याशी रासायनिक क्रिया करून त्याचं निरुपद्रवी क्लोराइड करून टाकतो. पण क्लोरीन गेला की पाण्याचा राखणदारही गेला. खुद्द कार्बनच्या थरात जंतू घर करू शकतात, म्हणून शेवटी अतिनील दिवा लागतो. मिठाला मात्र कार्बन हात लावत नाही. शेजारच्या लोणार सरोवराचं पाणी त्यातून कितीही गाळलं, तरी खारटच निघेल. मीठ काढण्याचं काम पडद्याचं. दुसऱ्याच्या कामात न शिरणारा हा संयम मला फार आवडतो.

कार्बनची खरी पारख होते ती गोड पाकात. गोळ्या-चॉकलेटांत पडणारा लिक्विड ग्लुकोज स्टार्चपासून करतात, आणि करताना त्याला पिवळट झाक येते. इथे करवंटीचा कार्बन तोकडा पडतो. त्याची बहुतेक छिद्रं दोन नॅनोमीटरपेक्षा अरुंद, आणि रंगाचे रेणू अंगाने थोर. ते दारातच अडतात. म्हणून लाकडापासून, बरेचदा फॉस्फोरिक आम्ल वापरून, रुंद छिद्रांचा कार्बन करतात. जोखण्याची मापंही दोन आहेत. बारीक छिद्रांसाठी किती आयोडीन धरतो ते पाहायचं, मोठ्यांसाठी मळीचा रंग किती उतरवतो ते. पण खरी नजाकत पुढेच. रंगाच्या रेणूंना पाण्यात फारसं करमत नाही, ते कार्बनला बिलगतात. साखर पाण्यातच रमते आणि बव्हंशी तिथेच राहते. पाक नितळ होतो आणि गोडी जागच्या जागी असते.

सुलतानपूरच्या शिवारात पिकणाऱ्या सोयाबीनच्या तेलात हाच कार्बन अगदी हात राखून वापरावा लागतो. कच्च्या तेलातला चिकटा आणि आम्लता काढली, की त्याचा रंग उतरवायची पाळी येते. तेव्हा शंभर अंशांच्या आसपास, निर्वात भांड्यात, मुख्य काम करते ती खास प्रक्रिया केलेली माती. कार्बन तिच्या जोडीला, तोही मातीच्या मानाने थोडाच. कारण तो रंगाबरोबर तेलही पिऊन बसतो, आणि प्यायलेलं तेल म्हणजे थेट तोटा. मग तो घालायचाच कशाला? धुरातून तेलात उतरणारी बेंझोपायरीनसारखी जड, घातक द्रव्यं मातीला नीट आवरत नाहीत, कार्बनला आवरतात. धुरावर वाळवलेल्या खोबऱ्याच्या तेलात म्हणूनच त्याचं महत्त्व जास्त. मीठ बेताचं टाकणाऱ्या सुगरणीचा हात इथे लागतो.

हा हात सैल सुटला तर काय होतं, ते सफरचंदाचा रस दाखवतो. कुजक्या फळांतून येणारं पॅट्युलिन हे बुरशीचं विष कार्बन धरतो; त्याची कायदेशीर मर्यादा किलोला अवघे 50 मायक्रोग्रॅम. पण मात्रा वाढली की रसाचा रंग आणि सुवासही विषाच्या मागोमाग जातात. रस सुरक्षित होतो, सफरचंद मात्र हरवतं. किती काढायचं यापेक्षा काय राहू द्यायचं, हे ज्याला कळलं तोच जाणकार.

हल्ली शहरांत काळं आइस्क्रीम आणि ‘डिटॉक्स’ सरबतं मिळतात. तिथे हाच कार्बन पदार्थात मिसळून मिरवतो. पोटात गेल्यावर तो औषधाची गोळीही धरून ठेवू शकतो, आणि तिथे मात्रा आणि वेळ ठरवणारं कुणी नसतं. कारखान्यात तो काम झालं की गाळून काढतात, आणि पदार्थात त्याचा मागमूस राहिला तर तो दोष मानतात. मला तरी त्याची थोरवी या दुसऱ्या शिस्तीत दिसते.