माऊसने वाजवलेली ढोलकी

लग्नसराईत अंबरनाथ पूर्वेपासून बदलापूर गावापर्यंत कुठल्याही हळदीला जा. मांडवात लागणाऱ्या नव्या गाण्यांतली ढोलकी बहुतेक वेळा कुणी वाजवलेली नसते. कुणीतरी ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकेक ठोका ठेवून मांडलेली असते. सनई, बेंजो, पेटी, मागचा बेस, सगळं तसंच. गायकाचा गळा तेवढा माइकसमोरचा. या कामाला आपल्याकडे सरसकट प्रोग्रामिंग म्हणतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ते करणारी पोरं गल्लोगल्ली सापडतील. त्यांच्या कामाबद्दल मात्र दोनच मतं कानावर येतात. एक, 'कडक ट्रॅक झालाय.' दुसरं, 'सगळं मशीन, हे काय संगीत आहे का?' दोन्ही मतांमागे कुणी ते काम नीट ऐकलेलं आहे असं मला वाटत नाही. ही एक पूर्ण कला आहे. तिच्यात कसब आहे, आळस आहे, चांगलं-वाईट बोट ठेवून दाखवता येतं. आज आपल्याकडे तिची अवस्था अशी, की गाणी उदंड आहेत, हात जलद आहेत, पण मांडलेलं पुन्हा उघडून त्यावर बसून काम करणं, म्हणजे संपादन, जवळजवळ थांबलेलं आहे. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

हे सगळं मिडी नावाच्या नोंदपद्धतीत मांडलं जातं. मिडीमध्ये आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, कधी, किती जोरात, आणि कधी सोडली, एवढीच नोंद असते. आवाज नंतर सॉफ्टवेअरमधलं वाद्य देतं. म्हणून चुकलेला स्वर उचलून जागेवर ठेवता येतो, काळी एकमधलं गाणं गायिकेसाठी काळी पाचला नेता येतं, लय वाढवली तरी आवाज फाटत नाही. जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने ही व्यवस्था ठरली आणि जानेवारी १९८३ मध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर तारेने जोडून ती जाहीरपणे दाखवली गेली. १६ चॅनेल, १२८ स्वर, जोराच्या १२७ पायऱ्या. आजही बहुतेक काम याच मापात चालतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँडची तीन यंत्रं एकमेकांना जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी केली. एचएमव्हीने ती काढली, तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही, आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर जगभरच्या नृत्यसंगीतवाल्यांनी तिच्यावर उड्या घेतल्या. सिंग हे सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. त्यांनी वापरलेल्या टीबी-३०३ या बेसच्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. यंत्र बनवणाऱ्यांच्या मनात राग नक्कीच नव्हता. सिंग यांनी नेमकी तीच सोय रागासाठी उचलली. आज आपल्या पोरांकडे त्या यंत्रांपेक्षा कितीतरी जास्त सोयी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच उघडल्याही जात नाहीत.

ही कला इथे रुजली त्याची कारणं साधी आहेत. ढोलकी नीट रेकॉर्ड करायची तर शांत खोली, चांगले माइक आणि कसलेला वादक लागतो. रेल्वेलाइनलगतच्या वन रूम किचनमध्ये खाली रिक्षा, वर मिक्सर आणि दर थोड्या वेळाने कर्जत लोकल. अंधेरीचा स्टुडिओ गाठायचा तर प्रवासात अर्धा दिवस जातो आणि भाडं तासावर मोजावं लागतं. त्यापेक्षा जुना कॉम्प्युटर, लहान कीबोर्ड आणि हेडफोन घेतला की रात्री दोन वाजता शेजाऱ्याची झोप न मोडता अख्खी बेंजो पार्टी उभी करता येते.

शेजारच्या कल्याणात प्रल्हाद शिंदे राहिले. २००४ मध्ये ते गेले. तोवर कॅसेटने त्यांचा आवाज महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवला होता. त्या गाण्यांमागे हाडामांसाचे वादक होते आणि वादकांचा खर्च उचलणारी कॅसेट कंपनी होती. आता १४ एप्रिलसाठी भीमगीत लिहिणाऱ्या उल्हासनगर कॅम्प चारमधल्या पोराच्या मागे कंपनी नाही. पुढच्या गल्लीतला प्रोग्रामर आहे. सिंधी घरांतल्या लग्नात बायका ढोलकच्या साथीने लाडा गातात, ते लाडाही आता तयार ट्रॅकवर ऐकू येतात. मशीनच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं, की ही सोय नसती तर यातली कितीतरी गाणी झालीच नसती. 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी वाद्यवृंद रेकॉर्ड केला हे २०१६ पासून प्रत्येक वादात पुढे केलं जातं. त्यांनी केलं ते उत्तमच. पण त्या खर्चाची तुलना उल्हासनगरच्या पोराशी करण्यात काही अर्थ नाही.

आता कामाकडे वळू. सॉफ्टवेअरमध्ये पियानो रोल उघडला की पडदाभर उभ्या रेषा दिसतात, त्याला ग्रिड म्हणतात. प्रोग्रामर कीबोर्डवर ठेका वाजवतो, ठोके रेषांच्या थोडे मागेपुढे पडतात, मग तो सगळे निवडतो आणि क्वांटाइजचं बटण दाबतो. सगळे ठोके जवळच्या रेषेला जाऊन चिकटतात. दोन सेकंदांचं काम. गाण्यातला जीव जातो तो बहुधा इथेच.

कारण आगरी-कोळी नाचाचा ठेका रेषेवर राहत नाही. तो बऱ्याचदा सहाच्या अंगाचा असतो, पण मुरलेले हात तो मोजून सारखा वाजवत नाहीत. मधला एक ठोका किंचित उशिरा येतो. धड तीनच्या हिशेबात बसत नाही, धड चारच्याही नाही, आणि नाचणाऱ्याच्या खांद्याला झटका मिळतो तो त्याच जागी. हा उशीर किती? १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये त्या मात्रेचे ९६० भाग असतात, म्हणजे एक भाग साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा. ठोका २० भाग मागे ओढला तर १० मिलिसेकंदांचा फरक पडतो. कानाला तो उशीर म्हणून कळत नाही, ठेका 'बसला' एवढंच जाणवतं. एफएल स्टुडिओ इथे फार वापरतात. त्यात मूळ सेटिंगला मात्रेचे भाग ९६ च असतात, म्हणजे एक पायरी पाच मिलिसेकंदांहून मोठी. इतक्या जाड पट्टीने हा उशीर नीट मापताच येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा ९६० करता येतो. वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या प्रोजेक्टमध्येही मला तो ९६ च दिसला आहे.

तेच जोराचं. अनेक ट्रॅकमध्ये प्रत्येक ठोक्याची वेलोसिटी १०० असते, कारण माऊसने ठेवलेला ठोका तसाच पडतो. चांगल्या सॅम्पलच्या ढोलकीत हलकी, मध्यम आणि जोरकस थाप वेगवेगळी रेकॉर्ड केलेली असते. सगळंच १०० वर ठेवलं की यातली एकच थाप गाणंभर वाजत राहते आणि पैसे मोजून घेतलेली बाकीची ढोलकी मुकीच राहते. समेला ११०, आतल्या ठोक्यांना ७० च्या आसपास, भरीच्या बोटांना ३५-४०, असं नुसतं ढोबळ मांडलं तरी ठेका श्वास घ्यायला लागतो. आणि डाव्या पुडीची घुमक. मनगट दाबत नेलं की तिचा स्वर चढतो. प्रत्येक वेळी तो सारखा चढला तर कान दुसऱ्या आवर्तनातच ओळखतो की हे छापलेलं आहे. पिच बेंडने, म्हणजे स्वर वाकवण्याच्या सोयीने, दर घुमक थोडी वेगळी करायला दहा मिनिटं पुरतात.

पेटीच्या बाबतीत चूक उलटी होते. प्रोग्रामर कीबोर्डवर पेटी वाजवतो, बोटाचा जोर कमी-जास्त पडतो आणि त्याप्रमाणे एक स्वर मोठा, एक बारीक असा आवाज येतो. खऱ्या पेटीत पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज त्याने वाढत नाही. आवाज भात्याचा. म्हणून इथे वेलोसिटी सरसकट सारखी करावी आणि भात्याचं काम कंट्रोलर ११ कडे, म्हणजे एक्स्प्रेशनकडे द्यावं. ओळीच्या सुरुवातीला रेघ वर चढवायची, मध्ये जरा स्थिर ठेवायची, गायक श्वास घेतो तिथे किंचित उतरवायची. भजनी मंडळात बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बदलापूरच्या वारकरी घरातून आलेला एखादा पोरगा हे आपसूक करतो आणि त्याची पेटी लगेच वेगळी ओळखू येते. आपल्या भागातल्या प्रोग्रामिंगमध्ये मला सर्वांत समाधान देणारं काम पेटीतच सापडलं आहे, ते यामुळे.

सनई आणि बासरीत मींड अडते. पिच बेंडची मूळ मर्यादा बहुतेक वाद्यांत दोन अर्धस्वरांची, म्हणजे 'सा'वरून फार तर 'रे'पर्यंत. 'ग'पर्यंत घसरायचं तर मर्यादा वाढवून १२ करावी लागते, आणि तीही सॉफ्टवेअर आणि वाद्य अशा दोन्हीकडे. ते न करता दोन स्वर शेजारी ठेवले की सनई पायऱ्या उतरल्यासारखी वाजते. शिवाय बेंड अख्ख्या चॅनेलला लागतो, एक स्वर वाकवला की सोबतचेही वाकतात. प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाकवण्याची सोय २०१८ मध्ये एमपीई म्हणून प्रमाण झाली, २०२० मध्ये मिडी २.० आलं. इथल्या घरगुती स्टुडिओंत अजून त्यांचा वास नाही, आणि सध्या ती गरजही पहिली नाही.

तयार लूपबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तेच ढोल-ताशाचे तुकडे हळदीत, गणपतीत आणि जयंतीच्या मिरवणुकीत वाजतात. ऐकणाऱ्याला ते ओळखू येतात आणि गायकाच्या मेहनतीचं मोल कमी होतं.

उपाय मात्र आपल्याच गल्लीत उभा आहे. या पट्ट्यात ऑक्टापॅड वाजवणारे हात किती आहेत! बेंजो पार्टीत, ऑर्केस्ट्रात, मिरवणुकीच्या गाडीवर तासन्‌तास ठेका न सोडणारे. रोलँडच्या जुन्या एसपीडी-२० या पॅडलाही मागे मिडी आउटचं भोक आहे. पाच पिनांची तार आणि साधा इंटरफेस असला की त्या हातांची प्रत्येक थाप वेळेसकट आणि जोरासकट कॉम्प्युटरमध्ये उतरते. अंबरनाथ पश्चिमेच्या एका घरगुती स्टुडिओत मी हे होताना पाहिलं. गाणं हळदीचं. वादकाला चार मिनिटं सलग वाजवायला लावलं, लूप नाही. मग प्रोग्रामरने क्वांटाइजला हात न लावता नुसतं ऐकलं, घसरलेले तेवढेच ठोके एकेक करून सरकवले, आणि दुसऱ्या कडव्यानंतरचा तोडा वादकाने जरा घाईत घेतला होता तो तसाच ठेवला. बेसचे स्वर मात्र त्याने ग्रिडवरून उचलून वादकाच्या ठोक्यांना जुळवले. सगळ्यात जास्त वेळ या शेवटच्या कामाला लागला, आणि गाण्याला अंग आलं ते त्यातूनच. ढोलकी हलती आणि बेस ताठ असला तर दोघं भांडल्यासारखे वाजतात.

असा वाजवलेला ठेका ग्रूव्ह म्हणून जपून ठेवता येतो. क्युबेस, एबलटन, एफएल, सगळ्यांत ती सोय आहे. एका वादकाच्या हाताचं वळण काढून ते दुसऱ्या गाण्याच्या ठोक्यांना लावता येतं. परदेशी ढोलवादकांची वळणं सॉफ्टवेअरसोबत फुकट मिळतात आणि आपली पोरं ती कोळी ठेक्याला लावून बघतात. वांगणी-बदलापूरच्या मुरलेल्या ढोलकीवाल्यांची वळणं कुणी गोळा केली आहेत का? असा संग्रह चार प्रोग्रामरांनी मिळून केला तर पुढच्या हंगामातली गाणी वेगळी वाजतील. वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळाले पाहिजेत आणि त्याचं वळण जिथे जिथे वापरलं तिथे त्याचं नाव आलं पाहिजे, हे ओघाने आलंच.

नावाचा प्रश्न प्रोग्रामरचाही आहे. यूट्यूबवर गायक, गीतकार, निर्माता, आभार, अगदी बॅनरवरच्या भाऊंचंही नाव असतं. ज्याने सनईपासून टाळापर्यंत सगळं मांडलं तो बहुतेक वेळा संगीत संयोजक या एका शब्दातही सापडत नाही. नाव नाही म्हणून जबाबदारी नाही, जबाबदारी नाही म्हणून गाणं दोन दिवसांत उरकतं. गायकांनी ट्रॅकचा दर ठरवताना मांडणीचे आणि संपादनाचे पैसे वेगळे धरावेत, आणि ट्रॅक हातात आला की ढोलकी आणि पेटी एकेकट्या ऐकून मगच गळा द्यावा.

आणखी एक नुकसान सध्या कुणाच्या लक्षात येत नाही. गाणं झालं की आवाजाची फाइल पाठवली जाते, प्रोजेक्ट हार्डडिस्कवर पडून राहतो, डिस्क गेली की गेला. मिडीची फाइल काही किलोबाइटची असते. तिचा नमुना १९८८ मध्ये प्रमाण झाला आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. प्रत्येक गाण्याची ती एक प्रत काढून गायकाकडे आणि वादकाकडे दिली तर दहा वर्षांनी त्याच ठेक्यावर दुसऱ्या पट्टीत, दुसऱ्या गळ्याने गाणं पुन्हा उभं करता येईल, आणि कुणाच्या हाताने तो उशिराचा ठोका कुठे टाकला होता हे नव्या पोराला आकड्यांत बघता येईल.