चित्रसंकेताची परिभाषा आणि झाडीपट्टीतील अभ्यासक

परिभाषा घडविणाऱ्यांची दृष्टी बहुधा कोशाच्या पानावर खिळलेली असते. ती परिभाषा ज्याच्या तोंडी जावयाची, त्याच्या जिभेकडे आणि कानाकडे तिचे लक्ष क्वचितच जाते. दूरचित्रवाणी, तिचे चित्रसंकेत आणि ते दाखविणारी उपकरणे यांविषयीची मराठी परिभाषा या अंगाने तपासावयाची झाल्यास चंद्रपूर व गडचिरोली हे दोन वनबहुल जिल्हे परीक्षणास विशेष सोयीचे आहेत. याचे कारण भाषिक आहे, तसेच ऐतिहासिकही आहे. तेव्हाचा चांदा जिल्हा १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मध्यप्रदेशात मोडत असे. डॉ. रघुवीर यांनी १९४६ साली आपली संस्था लाहोराहून नागपुरास आणली आणि तेथून संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे शब्दनिर्मितीचा प्रचंड उद्योग आरंभिला; त्यांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली प्रसिद्ध झाला. पुढे हा जिल्हा प्रथम द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले, आणि मराठी विश्वकोशाचे कार्यही त्याच दशकात मार्गी लागले. दिल्लीस १९६१ साली वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाची स्थापना होऊन हिंदीची परिभाषा स्वतंत्र वाटेने निघाली. अशा रीतीने एकाच भूमीवर निरनिराळ्या टाकसाळींची नाणी चालू लागली. ऑगस्ट १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी ही स्थिती पालटली नाही.

आरंभ नावापासूनच करावयास हवा. पाश्चात्त्य मूळ शब्दात एक पद ग्रीक व दुसरे लॅटिन असा संकर आहे, आणि त्याचा अर्थ केवळ 'दूरचे पाहणे' एवढाच होतो. 'दूरदर्शन' हे त्याचे नेमके प्रतिरूप होय. दिल्लीचे प्रायोगिक केंद्र १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईचे २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९७६ पासून हे खाते आकाशवाणीपासून विलग झाले आणि 'दूरदर्शन' हे एका संस्थेचे विशेषनाम म्हणून रूढ झाले. विशेषनामाने सामान्यनामाची जागा बळकावली म्हणजे भाषेस दुसरा शब्द शोधणे भाग पडते. मराठीत ही गरज 'दूरचित्रवाणी'ने भागविली. या शब्दाची लांबी खटकते, हे खरे. परंतु 'दूरदर्शन'ला जे साधले नाही ते तो साधतो. या माध्यमात चित्र व ध्वनी असे दोन संकेत एकत्र प्रवास करतात, हे त्याच्या घडणीतच सांगितलेले आहे. त्यातील 'वाणी' हे पद 'आकाशवाणी' व 'नभोवाणी' यांच्या संस्कारातून आले, हे उघड आहे. तरी शास्त्रदृष्ट्याही ते सार्थच ठरते. ज्यास बोलीत 'टीव्ही' म्हणावयाचे आहे तो तसे म्हणणारच. ग्रंथलेखनात मात्र 'दूरचित्रवाणी' टाकून देण्यास कोणतेही सबळ कारण दिसत नाही.

'संकेत' या शब्दाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. शब्द व अर्थ यांचा संबंध ज्या लोकमान्य ठरावाने बांधला जातो त्यास भारतीय शब्दशास्त्र 'संकेत' म्हणते. काव्यात प्रियकर-प्रेयसीच्या गुप्त भेटीची जागा ते संकेतस्थळ. आज तोच शब्द महाजालावरील पत्त्यास लागू झाला आहे, आणि जुन्या काव्याच्या वाचकास त्याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. तारेतून अथवा आकाशातून जाणारा विद्युत्संकेत हा या कुळातील सर्वांत धाकटा. तथापि या अर्थविस्तारात गोंधळ नाही. दोन पक्षांत आधी ठरलेली काही खूण असते व तिच्या आधारे आशय पोहोचतो, हा गाभा सर्वत्र कायम आहे. 'चित्रसंकेत' हा शब्द म्हणूनच निर्वेध स्वीकारण्याजोगा आहे.

खरी अडचण पुढच्या पायरीवर उभी राहते. वाहक तरंगावर चित्राची माहिती चढविण्याच्या क्रियेस मराठी संदेशवहनविषयक लेखनात 'विरूपण' म्हटलेले आढळते. तरंगाचे मूळ रूप बदलते, म्हणून विरूपण, अशी व्युत्पत्ती सांगता येते आणि ती सदोषही नाही. परंतु हिंदी परिभाषेत 'विरूपण' म्हणजे संकेताची विकृती, म्हणजेच उपकरणाचा दोष. 'चित्रसंकेताचे विरूपण झाले' या वाक्याचा मराठी अर्थ यंत्रणा आपले काम योग्य रीतीने करीत आहे असा, आणि हिंदी अर्थ ती बिघडली असा. पुण्यातील वाचकास हा विरोध कदाचित कधीच भेटणार नाही. परंतु छत्तीसगडच्या सीमेवरील कोरची-धानोऱ्याकडचा प्रशिक्षणार्थी मराठी पुस्तकाबरोबर हिंदी पुस्तकही हाताळतो, आणि दोन्ही लिपी एकच असल्याने शब्द परका आहे अशी शंकादेखील त्यास येत नाही. परक्या लिपीतील शब्द निदान सावध तरी करतो. समान लिपीतील समान शब्द निःशंकपणे फसवितो. शिवाय मराठीतही 'विरूप' म्हणजे कुरूप, बिघडलेले, हाच रूढ अर्थ. तेव्हा या ठिकाणी हिंदीने लोकभाषेस धरून वाट काढली आणि मराठी शास्त्रलेखन तिच्याविरुद्ध गेले, असे म्हणणे प्राप्त आहे. 'तरंगावर संकेत चढविणे' व 'उतरविणे' ही साधी क्रियापदे येथे पुरेशी आहेत. नामच हवे असल्यास 'मॉड्युलेशन' ठेवावे.

'वारंवारता' आणि 'कंप्रता' यांचा वाद यापेक्षा सौम्य, पण अधिक बोधप्रद आहे. शालेय पुस्तके 'वारंवारता' म्हणतात, विश्वकोशाने 'कंप्रता' पत्करली, आणि हिंदीत 'आवृत्ति' आहे. मराठी विद्यार्थ्यास 'आवृत्ती' म्हणजे पुस्तकाची आवृत्ती. 'कंप्र' म्हणजे थरथरणारे. म्हणून तरंगाच्या कंपनसंख्येस 'कंप्रता' हा शब्द शोभतो. परंतु चित्रसंकेतात प्रत्येक मोजणी कंपनाची नसते. भारतात स्वीकारलेल्या सादृश प्रणालीत एक चित्र ६२५ ओळींत विभागले जाई व सेकंदास २५ चित्रे दाखविली जात. म्हणजे सेकंदास १५,६२५ ओळी आखल्या जात. या ओळींत थरथरणारे असे काही नाही. एक घटना ठराविक काळाने पुन्हा घडते, इतकेच. तिला 'वारंवारता' हाच शब्द लागतो. दोन्ही शब्द राखून त्यांची क्षेत्रे वाटून घेतली असती, तर मराठीने इंग्रजीहून सूक्ष्म भेद साधला असता. प्रत्यक्षात ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून वागविले गेले.

याउलट एकाच शब्दावर चार ओझी लादल्याचे उदाहरण म्हणजे 'प्रक्षेपण'. मनोऱ्यावरून कार्यक्रम पाठविणे ते प्रक्षेपण, अग्निबाण सोडणे तेही प्रक्षेपण, गोलाकार पृथ्वी सपाट नकाशावर उतरविणे तेही प्रक्षेपण, आणि वर्गातील भिंतीवर चित्र टाकणारे यंत्र तो प्रक्षेपक. पाठचिकित्सेचे अभ्यासक 'प्रक्षिप्त' भाग शोधतात, तो आणखी निराळाच. पहिल्या तीन अर्थांचे प्रसंग इतके दूरचे आहेत की संदर्भाने अर्थ निवडता येतो. परंतु दूरचित्रवाणीचा मनोरा आणि भिंतीवर चित्र टाकणारे यंत्र ही एकाच शास्त्रशाखेची, किंबहुना एकाच अभ्यासक्रमाची उपकरणे होत. 'प्रक्षेपकाकडे येणारा संकेत' या शब्दयोजनेत संकेत कोणत्या टोकाशी आहे, हेच कळत नाही. परिभाषेचा पहिला धर्म एका क्षेत्रात एका शब्दास एक अर्थ हा आहे, आणि येथे तो मोडला आहे. पाठविणाऱ्यास 'प्रेषक' म्हणण्याची सोय मराठीत असता ती नियमाने पाळली जाऊ नये, याचे नवल वाटते.

आता उच्चाराचा प्रश्न. झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो हे सर्वविदित आहे. 'पाणी' तेथे 'पानी' होते. प्रक्षेपण, प्रसारण, क्रमवीक्षण ही पदे साहजिकच प्रक्षेपन, प्रसारन अशी उच्चारली जातात, आणि काही शिक्षक त्यास अशुद्ध ठरवून विद्यार्थ्यास थांबवितात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा अन्याय आहे. या सर्व शब्दांतील मूळ प्रत्यय 'अन' हाच आहे. पूर्वी र् अथवा ष् आला, आणि मध्ये आड येणारा वर्ण नसला, म्हणजे पाणिनीच्या णत्वविधीने त्या 'न'चा 'ण' होतो. म्हणून 'प्रसारण' पण 'विभेदन'. आणि 'दर्शन' यात र् असूनही मध्ये श् आल्यामुळे 'न' तसाच राहतो. म्हणजे या प्रत्ययापुरता 'ण' व 'न' यांचा भेद अर्थभेदक नाही. तो परिसरावरून ठरणारा आहे. झाडीचा विद्यार्थी 'प्रक्षेपन' म्हणतो तेव्हा तो प्रत्ययाचे मूळ रूपच उच्चारीत असतो, आणि त्याने अर्थाची काडीचीही हानी होत नाही. लेखनात प्रमाण रूप पाळावे. परंतु उच्चारावरून विषयाच्या ज्ञानाचे माप काढू नये.

कोशांनी ज्याकडे बहुतांशी दुर्लक्ष केले ते शब्दभांडार लोकांनी स्वतः निर्माण केलेले आहे. क्षीण संकेतामुळे पडद्यावर जे वळवळणारे पांढरे-काळे ठिपके दिसत त्यांस इंग्रजी भाषिक 'हिम' म्हणतात. मराठी माणसाने त्यांस 'मुंग्या' म्हटले. उन्हाळ्यात ज्या चंद्रपुराचे तापमान देशातील उच्चांकांत गणले जाते, तेथे हिमाची उपमा कोणास सुचणार? परंतु हा केवळ हवामानाचा प्रश्न नाही. हिम खाली पडते. मुंग्या दिशाहीन वळवळतात. यादृच्छिक विद्युत्क्षोभाचे वर्णन म्हणून मराठी उपमाच अधिक अचूक आहे. शास्त्रीय लेखनात या दोषास 'गोंगाट' म्हणणे म्हणजे डोळ्यांच्या विषयास कानाचा शब्द देणे होय. उपग्रहाचा संकेत झेलणाऱ्या थाळीस 'छत्री' म्हटले गेले, तेही असेच. पावसात धरावयाची छत्री पाणी बाहेर टाकते. ही उलटी छत्री आकाशातून येणारे गोळा करून एका बिंदूवर आणते. उलट करून ठेवल्याने वस्तूचे कार्यही उलटे झाले, हे या नावात आपोआपच येऊन गेले आहे.

'पडदा' या शब्दाचा इतिहास झाडीपट्टीत अधिकच अर्थपूर्ण होतो. फारसी मूळ शब्दाचा अर्थ आडोसा, झाकण. मराठीत 'पडद्याआड' व 'पडद्यामागे' या प्रयोगांत तो जिवंत आहे. रंगभूमीवर येताच या शब्दास दुहेरी भूमिका मिळाली : दर्शनी पडदा झाकतो, आणि रंगविलेला पडदा अरण्य, रस्ता अथवा राजवाडा दाखवितो. पीक हाती आल्यावर रात्र-रात्र चालणारी झाडीपट्टीची नाटके, ज्यांच्या मंडळ्यांचे देसाईगंज-वडसा हे मुख्य ठाणे आहे, त्या प्रदेशातील प्रेक्षकास हे दोन्ही अर्थ नाटकातूनच परिचित आहेत. तेव्हा काचेच्या नलिकेच्या दर्शनी भागास अथवा आजच्या चपट्या पृष्ठभागास 'पडदा' म्हणणे त्यास कृत्रिम वाटत नाही. 'दृश्यपटल' हा शब्द सुचविणारे विसरतात की 'पट' म्हणजेही कापडच. अरबी-फारसी कापड टाकून संस्कृत कापड आणल्याने शास्त्र पुढे जात नाही. 'चित्रपट' या रूढ शब्दातही तेच कापड आहे, आणि त्याविषयी आजवर कोणाची तक्रार नाही.

येथवर मराठी ज्याची मायबोली आहे त्याचा विचार झाला. परंतु भामरागड-एटापल्लीकडील माडिया अथवा गोंडीभाषक विद्यार्थ्यास, तसेच सिरोंच्याकडील तेलुगूभाषकास, मराठी ही शाळेत शिकलेली भाषा आहे. संस्कृतोद्भव परिभाषेच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते की तिचे शब्द पारदर्शक असतात, घटक पाहताच अर्थ उमगतो. ही पारदर्शकता ज्याला 'वि' व 'प्र' हे उपसर्ग आणि 'ईक्ष्' व 'क्षिप्' हे धातू अवगत आहेत त्याच्यापुरती खरी. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. तिच्या भाषकास 'क्रमवीक्षण' व 'स्कॅनिंग' हे दोन्ही सारखेच अपारदर्शक आहेत, आणि त्यांपैकी दुसरा निदान दुकानात, रुग्णालयात व पुढील शिक्षणात पुन्हा भेटणार आहे. यावरून संस्कृत परिभाषा त्याज्य ठरते असे नव्हे. 'चित्रबिंदू' पाहावा : 'चित्र' व 'बिंदू' हे दोन्ही शब्द प्राथमिक शाळेतच येतात, म्हणून तो माडिया मुलासही सांगता येतो, आणि 'पिक्सेल'पेक्षा अधिक सांगून जातो. पारदर्शकता संस्कृतातून येत नाही. घटकपदे रोजच्या व्यवहारात आहेत की नाहीत यावर ती अवलंबून असते. ही कसोटी लावल्यास 'चित्रबिंदू' उतरतो, 'क्रमवीक्षण' उतरत नाही. 'ओळीने वाचणे' असे क्रियापद घेतल्यास काम भागते, कारण यंत्र चित्राचे नेमके तेच करते.

'विभेदन' या शब्दाचा प्रश्न निराळा. शेजारच्या दोन बारीक रेषा वेगळ्या दिसण्याची क्षमता म्हणजे विभेदन. बाजारातील खोक्यावर मात्र १९२० × १०८० असा आकडा असतो आणि त्यालाच विभेदन म्हटले जाते. तो आकडा बिंदूंच्या संख्येचा आहे. संकेत हलका असेल तर वीस लाखांहून अधिक चित्रबिंदू असूनही रेषा एकमेकींत मिसळतात. इंग्रजीने हा घोटाळा पूर्वीच केला. तो मराठीत जसाच्या तसा उतरविण्याची सक्ती कोणी केलेली नाही. 'चित्रबिंदुसंख्या' आणि 'विभेदन' असे दोन शब्द वेगळे ठेवणे सहज शक्य आहे.

दूरदर्शनचे बहुतेक सादृश भूप्रक्षेपण २०२१-२२च्या सुमारास बंद झाले. 'ऋण किरण नलिका' हा शब्द आता इतिहासाच्या पुस्तकापुरता उरला. त्या जागी आलेल्या शब्दांत एक मोठा सापळा आहे. दुकानात 'एलईडी टीव्ही' म्हणून जो संच विकला जातो, त्यातील चित्र बहुधा द्रव स्फटिकांच्या थराने घडविलेले असते. प्रकाश उत्सर्जक डायोड केवळ त्या थरामागे उजेड पुरवितात. ज्या संचात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो तो प्रकार वेगळा आणि त्याचे नावही वेगळे. भाषांतरकाराने 'एलईडी टीव्ही'चे शब्दशः 'प्रकाश उत्सर्जक डायोड दूरचित्रवाणी संच' असे रूपांतर केले, तर व्यापाऱ्याच्या जाहिरातीतील अर्धसत्य शास्त्रीय परिभाषा म्हणून पाठ्यपुस्तकात स्थिर होईल. देसाईगंजच्या अथवा ब्रह्मपुरीच्या दुरुस्तीकाराने मागचे झाकण काढले, की त्यास हातात डायोडांची पट्टी वेगळी आणि काचेचा पडदा वेगळा दिसतो. पट्टी जळाली तर तो पट्टीच बदलतो. चित्र पडद्यात शाबूत असते आणि उजेड तेवढा गेलेला असतो.