सेवा बंद, देयक चालू : दूरसंचार तक्रार-निवारण व्यवस्थेची एक चिकित्सा

प्रास्ताविक

दूरसंचार सेवेविषयीच्या तक्रारींची चर्चा बहुधा चालू जोडणीभोवती फिरते. संभाषण मध्येच तुटणे, इंटरनेटचा वेग न मिळणे, न मागितलेली सेवा माथी मारली जाणे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. सेवा रीतसर बंद केल्यानंतर येणाऱ्या देयकाचा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिलेला दिसतो. रक्कम लहान असते हे त्याचे एक कारण. दोन-तीनशे किंवा हजार-दीड हजार रुपयांसाठी अर्ज, फेऱ्या आणि दिवसाची रजा परवडत नाही. ‘कटकट नको’ म्हणून ग्राहक पैसे भरून मोकळा होतो. या कंटाळ्यातून किती वसुली होते, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात वेगळा दाखवला जात नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाशी संबंधित भारतीय कायदे, विनियम आणि सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल तपासले आहेत. सेवा सोडणाऱ्या ग्राहकाचे देणे त्याच्या मागे-मागे जाते. तक्रार करण्याची त्याची साधने मात्र जोडणीबरोबरच बंद पडतात, असे या तपासणीतून दिसून येते.

अखेरचे देयक कसे उद्भवते

लँडलाइन, ब्रॉडबँड किंवा पोस्टपेड सेवेत ठरावीक भाडे पुष्कळदा आगाऊ आकारले जाते आणि देयकाचे चक्र महिन्याच्या एक तारखेला सुरू होईलच असे नाही. त्यामुळे सेवा संपण्याच्या तीन तारखा तयार होतात. ग्राहकाने विनंती केली ती पहिली, कंपनीच्या संगणकात ती नोंदली गेली ती दुसरी आणि जोडणी प्रत्यक्ष खंडित झाली ती तिसरी. ग्राहक पहिली तारीख धरतो, कंपनी तिसरी. या दोहोंमधील काळ ‘थांबा, सवलतीची योजना देतो’ अशा दूरध्वनींत निघून जातो. तेवढ्यात नवे चक्र सुरू झाले की पुढच्या महिन्याचे भाडे लागू होते.

दुसरा वाद उपकरणाचा असतो. कंपनीचा माणूस घरी येऊन मॉडेम घेऊन जातो, पावती देत नाही. काही आठवड्यांनी ‘उपकरण परत न केल्याबद्दल’ रक्कम मागणारे पत्र येते. तिसरा वाद अनामतीचा. ती परत करण्याऐवजी अखेरच्या देयकात वळती करून घेतली जाते आणि वळती केल्याचा तपशील समजत नाही. बँकेला दिलेली मासिक वजावटीची सूचना ही चौथी अडचण. सेवा बंद झाली तरी ती सूचना आपोआप रद्द होत नाही, याचे भान बहुतेकांना पासबुक पाहिल्यावरच येते.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २००९च्या सेवा-गुणवत्ता विनियमांत जोडणी बंद करण्यासाठी ७ दिवसांची आणि अनामत परत करण्यासाठी ६० दिवसांची मुदत होती. हे विनियम २०२४मध्ये बदलण्यात आले. अशा मुदतींचे स्वरूप मुळात कंपनीच्या एकूण कामगिरीचे मोजमाप करणाऱ्या मानकाचे असते. शेकडा किती प्रकरणे मुदतीत निकाली निघाली, हे त्यातून कळते. एखाद्या ग्राहकाचे काम मुदतीत झाले नाही तर मधल्या दिवसांचे भाडे कोणी सोसावे, या प्रश्नाचे उत्तर टक्केवारीत सापडत नाही. वाद तर नेमका त्याच दिवसांचा असतो.

‘आहे किंवा होती’ : कलम ७ ब आणि २००९चा निकाल

भारतीय तार अधिनियम, १८८५ यात १९५७च्या दुरुस्तीने कलम ७ ब घालण्यात आले. तारमार्ग, साधन किंवा उपकरण यांविषयी तार प्राधिकारी आणि ज्याच्या सोयीसाठी ते पुरवले आहे अशी व्यक्ती यांच्यात वाद झाल्यास केंद्र सरकारने नेमलेला लवाद त्याचा निर्णय करील आणि त्या निवाड्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असा त्याचा आशय. या कलमाच्या शब्दरचनेतील एक तपशील सहसा नजरेतून सुटतो. साधन ज्याला पुरवलेले ‘आहे’ त्याच्याबरोबरच ज्याला पुरवलेले ‘होते’ त्याचाही उल्लेख तेथे आहे. दूरध्वनी परत केलेल्या माणसाचाही खात्याशी वाद होऊ शकतो, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हा ठाऊक होते. अर्थात त्याची पाठवणी सरकारनेच नेमलेल्या लवादाकडे होत असे.

दूरध्वनी हे सरकारी खाते होते तोवर या व्यवस्थेला एक तर्क तरी होता. पुढे १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा आला, १९९०च्या दशकात खासगी कंपन्या आल्या, १९९७मध्ये ट्रायची स्थापना झाली. कलम ७ ब मात्र जागेवरच राहिले. २०००च्या दुरुस्तीने दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरण स्थापन झाले. ते ग्राहकांच्या गटाचा वाद ऐकते. एकट्या ग्राहकाची ग्राहक मंचापुढे चालू शकणारी तक्रार कायद्यानेच त्याच्या कक्षेबाहेर ठेवली. ट्रायही वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. एकट्या ग्राहकासाठी उरला तो ग्राहक मंच.

हाच मार्ग १ सप्टेंबर २००९ रोजी अडवला गेला. केरळमधील एका दूरध्वनीधारकाची जोडणी देयक न भरल्याच्या कारणावरून तोडण्यात आली होती. कोझिकोडच्या जिल्हा ग्राहक मंचाने ती पुन्हा जोडून देण्याचा आणि ५ हजार रुपये भरपाई व्याजासह देण्याचा आदेश दिला. दूरसंचार महाव्यवस्थापकांच्या अपिलावर निर्णय देताना न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. अशोक कुमार गांगुली यांच्या खंडपीठाने, विशेष कायदा सामान्य कायद्यावर मात करतो या तत्त्वाच्या आधारे, ग्राहक मंचाला अधिकार नसल्याचे ठरवले. निकालपत्र अगदी छोटे आहे. त्याचे परिणाम मात्र पुढे बारा वर्षे जाणवत राहिले.

या निकालातील तर्काची उणीव अशी की, त्यात दोन कायद्यांची तुलना झाली, पण दोन प्रकारच्या प्रतिवादींची झाली नाही. कलमात शब्द आहे ‘तार प्राधिकारी’. तो एका सरकारी पदाचा निर्देश करतो. खासगी परवानाधारक कंपनी त्यात कशी बसते, हा प्रश्न कोझिकोडच्या प्रकरणात उद्भवलाच नव्हता, कारण समोर सरकारी यंत्रणा होती. तरीही निकालाचा आधार खासगी कंपन्यांनी घेतला आणि अनेक मंचांनी तो मान्य करून तक्रारी परत पाठवल्या. ग्राहक कायद्यातील तरतुदी इतर कायद्यांना पूरक आहेत, त्यांना बाध आणणाऱ्या नाहीत, असे १९८६च्या कायद्याचे कलम ३ सांगत होते. त्यालाही या निकालात निर्णायक स्थान मिळाले नाही. खासगी कंपन्यांना तार प्राधिकाऱ्याचे अधिकार नाहीत, हे दूरसंचार विभागाने स्वतःच २०१४मध्ये स्पष्ट केले, तरी गोंधळ पुरता मिटला नाही.

तो मिटला १६ फेब्रुवारी २०२२ रोजी, व्होडाफोन आयडिया सेल्युलरच्या अपिलावरील निकालाने. अहमदाबादच्या एका ग्राहकाचे मासिक देयक सरासरी ५५५ रुपये येत असे. २०१३च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील एका चक्राचे देयक २४ हजार ६०९ रुपयांवर गेले. त्याने २०१४मध्ये जिल्हा मंचात तक्रार केली. न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. सूर्य कांत आणि न्या. विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने कलम ७ ब ग्राहक मंचाचा अधिकार हिरावून घेत नाही, असा निर्णय दिला. २०१९च्या ग्राहक कायद्यात ‘दूरसंचार सेवा’ हे शब्द स्पष्टपणे आले, याचा अर्थ त्या पूर्वीच्या व्याख्येत नव्हत्या असा होत नाही, हेही न्यायालयाने सांगितले.

हे दोन्ही वाद सेवा सोडल्यानंतरच्या देयकाचे नव्हेत. परंतु सोडून गेलेल्या ग्राहकाचा मार्गही याच दोन निकालांनी आधी बंद केला व नंतर मोकळा केला. अहमदाबादच्या प्रकरणात सुमारे आठ वर्षे कोणत्या दारात उभे राहायचे एवढ्याच प्रश्नावर गेली. आकारणी बरोबर होती की चूक, याची सुनावणी त्यानंतर व्हायची होती. हजार रुपयांच्या अखेरच्या देयकासाठी इतकी वाट पाहणारा ग्राहक मिळणे कठीण.

बंद क्रमांकावर पाठवलेला तक्रार क्रमांक

ट्रायच्या २००७च्या विनियमांत कॉल सेंटर, नोडल अधिकारी आणि अपील प्राधिकारी अशा तीन पायऱ्या होत्या. २०१२च्या तक्रार-निवारण विनियमांनी मधली पायरी काढली. तक्रार केंद्राने प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा, समाधान न झाल्यास ग्राहकाने ३० दिवसांत अपील करावे आणि ३९ दिवसांत त्याचा निर्णय व्हावा, अशी रचना झाली. अपील प्राधिकारी हा कंपनीच्याच व्यवस्थेचा भाग असतो, ही टीका पूर्वीपासून होत आली आहे व ती रास्त आहे. सोडून गेलेल्या ग्राहकापुढची अडचण मात्र त्याच्याही अलीकडची आहे.

तक्रार क्रमांक एसएमएसने कळवावा, असे विनियम सांगतात. चालू ग्राहकासाठी ही सोय उत्तम. ज्याचा मोबाइल क्रमांकच बंद झाला आहे, त्याच्याबाबत हा संदेश कोठे पोहोचणार? बंद क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, तेव्हा तो संदेश एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती पडणेही अशक्य नाही. कॉल सेंटरला दूरध्वनी केला तर यंत्र आधी क्रमांक विचारते आणि बंद क्रमांक ओळखत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये शिरायचे तर त्याच क्रमांकावर ओटीपी जातो. तक्रार क्रमांक नाही म्हणून अपील नाही, अपील नाही म्हणून ‘ग्राहकाने उपलब्ध मार्ग वापरला नाही’ हा कंपनीचा बचाव तयार. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर केवळ चालू जोडणीचा ग्राहक होता. १९५७च्या कलमातील ‘किंवा होती’ या शब्दांची आठवण २०१२मध्ये राहिली नाही.

थकबाकीचा पाठलाग

तक्रारीची साधने अशी निकामी होत असताना देण्याच्या वसुलीची साधने मात्र शाबूत राहतात. भारतीय तार नियम, १९५१ यातील नियम ४४३ नुसार देयक न भरणाऱ्याचा दूरध्वनी पूर्वसूचना न देता तोडता येत असे. त्याच्या नावावरील अन्य दूरध्वनीही त्यातून सुटत नसे. २० जानेवारी २०११पासून देशभर लागू झालेल्या मोबाइल नंबर पोर्टेबिलिटीत हेच तत्त्व नव्या रूपात दिसते. कंपनी बदलल्यानंतर जुन्या कंपनीची थकबाकी राहिली, तर ती नव्या कंपनीमार्फत क्रमांक बंद करवू शकते. त्या थकबाकीचा खरेखोटेपणा नवी कंपनी तपासत नाही. तसा तिला अधिकारही नाही. क्रमांक गमावण्याच्या भीतीने माणूस मान्य नसलेली रक्कम भरतो.

महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावी आणखी एक कागद येतो. लोकअदालतीपुढे ‘दाखलपूर्व’ प्रकरण म्हणून थकीत दूरध्वनी देयकाची नोटीस. विधी सेवा समितीचे नाव आणि न्यायालयाचा पत्ता पाहून घरातील वडीलधारी माणसे हबकतात. वास्तविक ही लोकअदालत तडजोडीवर चालते. ग्राहकाने रक्कम नाकारली तर तिला निर्णय लादता येत नाही. तडजोडीवर सही झाली की मात्र तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. या दोन गोष्टींतील फरक नोटिशीच्या भाषेतून कळत नाही, आणि लोकअदालतीसारख्या चांगल्या संस्थेचा वापर नकळत वसुलीच्या धाकासाठी होतो. याउलट, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २२ ब अन्वये लोकोपयोगी सेवांसाठी असलेली कायमस्वरूपी लोकअदालत दूरध्वनीविषयक वाद ऐकू शकते, तडजोड न झाल्यास निर्णयही देऊ शकते. तिच्याकडे ग्राहकाने स्वतः जाण्याची उदाहरणे विरळ दिसतात.

मुदतीच्या बाबतीतही पारडे असमान आहे. कंपनीला वसुलीच्या दाव्यासाठी मुदत कायदा, १९६३ प्रमाणे तीन वर्षे मिळतात; ग्राहकाला ग्राहक आयोगात तक्रारीसाठी दोन.

कंपन्यांची बाजूही येथे नोंदवायला हवी. महिनोन्महिने सेवा वापरून, पत्ता बदलून, देयक न भरता नाहीसे होणारे ग्राहक असतात आणि त्यांचा भार अखेर प्रामाणिक ग्राहकांवरच पडतो. वसुलीचा अधिकार काढून घ्यावा, असे म्हणता येणार नाही. परंतु देणे आहे असे जो म्हणतो त्याने ते सिद्ध करावे, हे पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. येथे देणे कंपनीच्या नोंदीवरून गृहीत धरले जाते, आणि सेवा वापरली नाही हे ग्राहकाने सिद्ध करावे अशी अपेक्षा असते. सिद्ध करण्याची कागदपत्रे पुन्हा कंपनीच्याच संगणकात. ‘थकबाकीदार’ हा शब्द कोणत्याही न्यायनिर्णयाशिवाय माणसाच्या नावापुढे लागतो. अनेकांना हजार रुपयांपेक्षा हा शब्दच अधिक बोचतो.

२०२३चा कायदा आणि न सुटलेला प्रश्न

दूरसंचार अधिनियम, २०२३ यात प्रत्येक सेवापुरवठादाराने ऑनलाइन तक्रार यंत्रणा उभारावी असे म्हटले असून ग्राहक कायद्याखालील हक्क अबाधित ठेवला आहे. ही तरतूद २६ जून २०२४पासून लागू झाली. २०१९च्या ग्राहक कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि २०२०च्या नियमांनुसार पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही. जुन्नर किंवा सावंतवाडीच्या ग्राहकाला आता कंपनीच्या कार्यालयाचे शहर गाठावे लागत नाही, ही सुधारणा मोठी आहे.

ऑनलाइन यंत्रणेत प्रवेशासाठी पुन्हा चालू क्रमांकच मागितला गेला, तर मात्र २०१२चाच दोष नव्या पडद्यावर दिसेल. येथे अपेक्षित बदल फार खर्चिक नाही. सेवा बंद करण्याची विनंती आली त्याच दिवशी, ज्या तारखेपासून भाडे थांबेल ती तारीख, उपकरण मिळाल्याची नोंद आणि अनामतीचा हिशेब असलेली लेखी पोच कंपनीने ग्राहकाच्या टपालाच्या पत्त्यावर किंवा ई-मेलवर पाठवावी, आणि अशी पोच दाखवू न शकणाऱ्या कंपनीला विनंतीनंतरच्या काळाचे भाडे मागता येऊ नये, असा एक विनियम ट्रायला करता येण्याजोगा आहे. सरकारी दूरध्वनीच्या दिवसांत उपकरण कचेरीत जमा करताना मिळणारी शिक्क्याची पावती हेच काम करीत असे.