लीलावतीची गोडी

ज्यांना गणित उपजतच येते, त्यांच्यासाठी हे लेखन नाही. शाळेत गणिताच्या तासाला मागच्या बाकाचा आश्रय घेणारे आणि पुढे दैवयोगाने सरकारी कचेरीत आकड्यांच्याच रकान्यांवर पोट भरणारे आमच्यासारखे जे अनेक आहेत, त्यांच्या वतीने भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’विषयी चार शब्द लिहावेत, एवढाच मानस आहे.

निमित्त घरगुतीच घडले. गणिताची वही पुढ्यात घेऊन रडवेल्या झालेल्या आमच्या कन्येला आम्ही रागे भरलो, तेव्हा तिने विचारले, “बाबा, तुम्हांला तरी गणित आवडतं का?” उत्तर देता आले नाही. त्या रात्री गावोगावच्या बदल्यांत न उघडताच आमच्याबरोबर फिरलेली ‘लीलावती’ आम्ही ट्रंकेतून काढली.

सुमारे ११५० साली रचलेल्या या ग्रंथाचे नाव काढताच रसिकांना घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची कथा आठवते. मूळ ग्रंथात तिचा मागमूसही नाही. ती आढळते फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरात. दुसरी स्तुती होते ती भुंगे, हंस, सरोवरातील कमळ यांची. परंतु केवळ अशा अलंकारांनी गणित गोड होत असते, तर ते गुळात लपवलेली कडू मात्राच ठरले असते. गूळ विरघळताच तोंड पुन्हा कडू!

खरी गोडी आम्हांला लागली ती मोर आणि साप यांच्या उदाहरणात. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे. सत्तावीस हातांवरून बिळाकडे येणाऱ्या सापावर मोर तिरकी झेप घेतो. दोघांची गती सारखी. तर बिळापासून किती अंतरावर गाठ पडेल? आचार्यांची रीत अशी : खांबाच्या उंचीचा वर्ग ८१, त्याला २७ ने भागून आलेले ३ हे २७ मधून वजा करावे आणि राहिलेल्याचे अर्ध करावे. उत्तर १२ हात.

उत्तर बरोबर, पण मन निवेना. असे का? येथेच या ग्रंथाचे न्यून आहे : तो रीत सांगतो, कारण सांगत नाही. ही उणीव पुढे टीकाकारांनी भरून काढली. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘बुद्धिविलासिनी’त रीतींच्या उपपत्ती दिल्या आहेत. आम्ही मात्र त्या रात्री कन्येला शेजारी बसवून आकृती काढली. मोराची झेप हा कर्ण. साप तेवढेच चालला. म्हणून कर्ण आणि पाया यांची बेरीज २७. त्यांच्या वर्गांतील अंतर ८१. वर्गांतील अंतर म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. तेव्हा वजाबाकी ३. कर्ण १५, पाया १२! “म्हणजे म्हणून तीन वजा करायचे!” कन्या उद्गारली. ते आम्हांलाही त्याच क्षणी उमगले होते.

काव्यात ध्वनी उमगताच जो आनंद होतो, त्याच जातीचा हा आनंद, असे आमचे मत आहे. तो पाठांतराने मिळत नाही आणि घाईनेही मिळत नाही. ज्याला गणित सहज येते तो ही वाट धावत ओलांडतो. आमच्यासारख्याला ती पायी तुडवावी लागते, पण वाटेतली झाडे दिसतात ती आम्हांलाच. कन्येच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्ही देऊ शकतो : आवडू लागले आहे.