वंशवृक्ष आणि कुलकथा

आपल्या घराण्याची हकीकत लिहून ठेवावी, अशी इच्छा पुष्कळांस होते. ती तडीस नेणारे मात्र थोडे. जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, तीर्थोपाध्यायांच्या वहींतून उतरून घेतलेलीं नांवें, वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांचा ढीग समोर पडला, कीं हौशी लेखकाची लेखणी थबकते. असा ढीग लावून देणारीं संगणकीय साधनें तीन तपांहून अधिक काळ उपलब्ध आहेत. त्यांपैकीं 2001 सालीं आरंभ झालेलें व विनामूल्य मिळणारें 'ग्रॅम्प्स' हें सॉफ्टवेअर आम्हीं येथें परीक्षणास घेतलें आहे. त्यानें वंशवृक्ष चांगला निघतो, यांत वाद नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. आप्तांविषयीं लिहूं पाहणाऱ्या लेखकास त्याचा उपयोग कितपत?

महाराष्ट्रांत या कामाची परंपरा आहे. विसाव्या शतकांत अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापले गेले, आणि त्यांच्या संपादकांनीं चिकाटीनें जी माहिती जमविली, तिच्याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. परंतु त्यांची मांडणी बहुधा शाखा आणि पिढी या दोनच धाग्यांवर बेतलेली असते. मुलगा पुढच्या पिढीचा धनी होतो. मुलगी अमुक घराण्यांत दिली, एवढ्यावर तिची कथा संपते. आणि सून माहेरचें व पित्याचें नांव सांगून गप्प बसते. ग्रॅम्प्समध्यें प्रत्येक व्यक्तीची नोंद स्वतंत्र असते आणि ती दोन कुटुंबांशीं जोडतां येते : ज्यांत ती जन्मली त्याशीं, व जें तिनें विवाहानें थाटलें त्याशीं. माहेरचें आणि सासरचें अशीं दोन्ही नांवें एकाच स्त्रीच्या नोंदींत राहतात. दत्तक गेलेल्या पुत्राचे जन्मदाते व दत्तक घेणारे, दोघेही दाखवितां येतात. ही सोय किरकोळ नव्हे. आजीच्या माहेरची जी वाट छापील ग्रंथांत बंद झाली होती, ती येथें उघडी राहते.

दुसरा गुण आम्हांस याहून मोलाचा वाटतो. सर्व घटना कालक्रमानें वा स्थळांप्रमाणें पुन्हां लावून पाहतां येतात. समजा, एका शाखेंतील सून, दुसरींतील तरुण मुलगा आणि तिसरींतील दोन अर्भकें यांच्या मृत्यूच्या नोंदी कुलवृत्तान्तांत चाळीस चाळीस पानांच्या अंतरावर पडल्या आहेत. तारखांप्रमाणें लावतांच त्या चारही 1918 च्या उत्तरार्धांत एकत्र येतात, आणि इन्फ्लुएंझाच्या साथीनें एका घराण्याचें काय केलें, हें प्रकरण लेखकापुढें उभें राहतें. पिढ्यांच्या अनुक्रमानें तें सुचलेंच नसतें.

तारखा जुळल्या म्हणून मरणाचें कारण सिद्ध होत नाहीं, हें खरें. त्यास पुरावा पाहिजे. येथेंही यंत्र शिस्त लावतें. प्रत्येक विधानास आधार जोडण्याची, व त्या आधाराची अत्यंत कमी ते अत्यंत अधिक अशी पांच पायऱ्यांची प्रतवारी लावण्याची व्यवस्था त्यांत आहे. मूळपुरुष पेशव्यांच्या पदरीं मोठा सरदार होता, ही घरोघरची लाडकी कथा खुशाल नोंदवावी. परंतु कोणत्या पायरीवर, हें लेखकास स्वतःच ठरवावें लागतें. उणीवही सांगितली पाहिजे. ज्यू, इस्लामी आदि कालगणना या यंत्रास समजतात, शालिवाहन शक समजत नाहीं. श्रावण शके 1801 चें 1879 करून मूळ तिथि टिपणांत लिहावी लागते.

आमचा खरा आक्षेप मात्र यंत्राच्या गद्यास आहे. आज्ञा देतांच तें नोंदींचीं वाक्यें करून संपूर्ण अहवाल हातीं देतें : अमुक सालीं जन्म, अमुक ठिकाणीं मृत्यु, अमक्याशीं विवाह. वाक्य बिनचूक, आणि सर्वांना एकच. चौदाव्या वर्षीं विधवा होऊन पुढें साठ वर्षें दिरांच्या घरीं राबलेल्या स्त्रीला जें वाक्य, तेंच नव्वदीपर्यंत सुखानें पेन्शन खाल्लेल्या चुलत्याला. तिच्या नोंदींत पतिनिधनाची एक तारीख व स्वतःच्या मरणाची दुसरी. मधलीं साठ वर्षें कोरीं. असा अहवाल बांधून त्यास कुलकथा म्हणणें म्हणजे वाणसामानाच्या यादीस पंगत म्हणण्यासारखें आहे.

शिवाय सॉफ्टवेअरच्या आयुष्याचा भरंवसा नसतो. एके काळीं बहुप्रचलित असलेली 'पर्सनल अॅन्सेस्ट्रल फाइल' 2013 सालीं बंद झाली. माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यांत नेण्यासाठीं 1984 पासून चालत आलेल्या 'जेडकॉम' या पद्धतीनें एक प्रत वेगळी काढावी, आणि लिहिलेला मजकूर कागदावर छापून नातलगांच्या घरीं ठेवावा.

एवढी काळजी घेऊन आम्ही हें साधन वापरण्याची शिफारस करतों. तें लेखकाची जागा घेत नाहीं. कोठें लिहावयाचें राहिलें आहे, तें दाखवून देतें. त्या विधवेचीं कोरीं साठ वर्षें भरण्यास आणखी एखादी तारीख मिळवून भागणार नाहीं. तिच्या मांडीवर वाढलेलीं जीं माणसें अद्याप हयात आहेत, त्यांच्याजवळ जाऊन बसलें पाहिजे. नोंदी पुढच्या वर्षींही करतां येतील. हीं माणसें पुढच्या वर्षीं भेटतीलच, असें नाहीं.